विश्लेषण : न दुखणारी कावीळ अंगावर का काढू नये? यकृत, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे निदान आणि शस्त्रक्रिया कशी होते?

सोलापूर : डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, की आपल्याकडे अजूनही पहिला सल्ला मिळतो तो एखाद्या गावाचा. ‘तिथे काविळीचे औषध देतात, तीन वेळा जावे लागते.’ मग गळ्यात मुळ्यांची माळ येते, नाकात थेंब पडतात, जेवणातून तेल-हळद बंद होते. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुतांश रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळते. पण पन्नाशीच्या पुढच्या माणसाला ताप नाही, पोटात दुखत नाही, तरी डोळे दिवसेंदिवस पिवळे होत जातात आणि अंगाला खाज सुटते, तेव्हा कारण वेगळे असू शकते. स्वादुपिंड किंवा पित्तनलिकेच्या कॅन्सरची गाठ अशा काविळीमागे दडलेली असते. ती माळेने उतरत नाही आणि त्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. या कॅन्सरचे निदान कसे होते, शस्त्रक्रिया कोणाला करता येते आणि सोलापूरच्या रुग्णाने कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, याचा हा आढावा.

कावीळ हा आजार आहे की लक्षण?

कावीळ हे लक्षण आहे. जुन्या लाल रक्तपेशी मोडल्या की बिलीरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो. यकृत तो पित्तात मिसळते आणि पित्तनलिकेतून लहान आतड्यात सोडते. यकृताला सूज आली तर हे काम मंदावते. हिपॅटायटिसमध्ये तसे घडते. यकृत ठणठणीत असूनही पुढची नळी तुंबली, तरी पित्त मागे साचते आणि बिलीरुबिन रक्तात उतरते. घरातला पाइप तुंबल्यावर टाकी कितीही साफ केली तरी पाणी पुढे जात नाही, तसाच हा प्रकार. नळी तुंबण्याची कारणे प्रामुख्याने दोन : पित्ताचा खडा किंवा गाठ.

स्वादुपिंड म्हणजे पॅनक्रिया. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी असलेली ही साधारण १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी अन्न पचवणारे रस आणि इन्सुलिन तयार करते. तिचे डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसलेले असते आणि पित्तनलिका याच डोक्यातून आतड्यात उतरते. त्यामुळे डोक्यातली छोटी गाठही नळी दाबते आणि कावीळ दिसते.

कोणत्या काविळीत सावध व्हावे?

डॉक्टर काही खुणा एकत्र पाहतात. कावीळ वाढत जाते, पण पोटात फारसे दुखत नाही. शौचाचा रंग पांढरट किंवा मातकट होतो, कारण पित्त आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. लघवी गडद होते. अंगभर खाज सुटते आणि रात्री ती जास्त जाणवते. भूक मरते, कपडे सैल होतात. खड्यामुळे होणाऱ्या काविळीत बहुधा कळा येतात, थंडी वाजून ताप येतो. म्हणूनच ‘दुखत नाही, म्हणजे काही गंभीर नाही’ हा समज इथे उलटा पडतो.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. पित्तनलिका आतड्यात जिथे उघडते, त्या तोंडाशी झालेल्या कॅन्सरमध्ये कावीळ कमी-जास्त होत राहते. मध्येच ती उतरल्यासारखी वाटते आणि रुग्ण तपासणी पुढे ढकलतो. खरे तर या जागेचा कॅन्सर लवकर लक्षण दाखवतो आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचे निकाल स्वादुपिंडाच्या कॅन्सरपेक्षा चांगले असतात.

कावीळ झालीच नाही तर?

गाठ स्वादुपिंडाच्या मधल्या भागात किंवा शेपटीत असेल तर पित्तनलिकेला धक्का लागत नाही आणि कावीळ होत नाही. रुग्ण सांगतो ते पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारे दुखणे. ते आडवे झाल्यावर वाढते, पुढे वाकून बसल्यावर कमी होते. महिनोन् महिने ॲसिडिटीच्या गोळ्या किंवा पाठीला मलम यावर ते निभावले जाते.

दुसरी खूण साखरेची. पन्नाशीनंतर घरात कोणालाही मधुमेह नसताना तो अचानक सुरू झाला आणि त्याच काळात वजन घटू लागले, तर डॉक्टरांशी स्वादुपिंडाबद्दल बोलायला हवे. बरा चाललेला मधुमेह कारणाशिवाय बिघडला तरीही. अशा बहुतेकांना कॅन्सर नसतो. पण ही जोडी दिसली की एक तपासणी जास्त करणे शहाणपणाचे ठरते.

पहिल्या तपासण्या कोणत्या?

सुरुवात रक्तातील यकृताच्या तपासणीने आणि पोटाच्या सोनोग्राफीने होते. सोनोग्राफी खडे आणि फुगलेली पित्तनलिका चांगली दाखवते. स्वादुपिंड मात्र जठर-आतड्यातील हवेमागे लपते. त्यामुळे ‘सोनोग्राफीत गाठ दिसली नाही’ याचा अर्थ गाठ नाही असा होत नाही. नळी फुगलेली आहे आणि खडा दिसत नाही, असा अहवाल आला की पुढची पायरी थांबता कामा नये.

ती पायरी म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन. साध्या सीटीने भागत नाही. औषध रोहिणीत असताना आणि नंतर शिरांत पोहोचल्यावर अशा ठरावीक वेळा साधून बारीक कापांच्या प्रतिमा घ्याव्या लागतात. गाठ आहे का, यापेक्षा ती शेजारच्या रक्तवाहिन्यांना किती चिकटली आहे, हे या स्कॅनमधून ठरते आणि शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावरच अवलंबून असतो. सीए १९-९ ही रक्ततपासणी पूरक आहे. नुसत्या काविळीनेही तिचा आकडा वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात हा घटक तयारच होत नाही. त्यामुळे केवळ या आकड्यावरून कॅन्सर ठरवता येत नाही आणि नाकारताही येत नाही.

लगेच स्टेंट टाकून कावीळ का उतरवू नये?

बहुतेक कुटुंबांची गफलत इथेच होते. दुर्बिणीतून पित्तनलिकेत नळी बसवली, म्हणजे ईआरसीपी करून स्टेंट टाकला, की आठवडाभरात डोळे पांढरे होऊ लागतात, खाज थांबते. ‘पेशंट बरा झाला’ असे वाटते. गाठ मात्र जागेवरच असते.

शिवाय स्टेंटनंतर त्या भागाला सूज येते आणि मग काढलेल्या सीटीत गाठीची कड नीट कळत नाही. म्हणून आधी सीटी, नंतर स्टेंटचा विचार, हा क्रम महत्त्वाचा. नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ असलेल्या रुग्णांपैकी ज्यांची थेट शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात गंभीर गुंतागुंत ३९ टक्के होती. आधी स्टेंट टाकून नंतर शस्त्रक्रिया केलेल्यांत ती ७४ टक्के होती. त्या चाचणीत प्लास्टिकचे स्टेंट होते आणि बिलीरुबिन फार वाढलेले रुग्ण घेतलेले नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवे.

याचा अर्थ स्टेंट वाईट असा नाही. पित्तात जंतुसंसर्ग होऊन थंडी-ताप आला असेल, बिलीरुबिन खूप वाढले असेल, आधी केमोथेरपी द्यायची असेल किंवा शस्त्रक्रियेला उशीर होणार असेल, तर स्टेंट लागतोच. फक्त तो निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून व्हायला हवा.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे खरे का?

तुकडा तपासल्याने कॅन्सर भडकतो, या भीतीने अनेक जण बायोप्सी नाकारतात. ही भीती निराधार आहे. मात्र प्रत्येक रुग्णाला बायोप्सी लागतेच असेही नाही. स्कॅनवर गाठ स्पष्ट आहे आणि ती काढता येण्यासारखी आहे, तर थेट शस्त्रक्रिया केली जाते आणि काढलेल्या भागाची तपासणी नंतर होते. आधी केमोथेरपी द्यायची असेल तर निदानाचा पुरावा हवा. त्यासाठी जठरातून दुर्बिणीसोबत सोनोग्राफी करून, म्हणजे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने, सुईने नमुना घेतात.

यकृताच्या कॅन्सरमध्ये नियम आणखी वेगळा आहे. सिरॉसिस असलेल्या रुग्णाच्या यकृतातील गाठ स्कॅनच्या पहिल्या टप्प्यात चमकली आणि नंतरच्या टप्प्यात फिकी पडली, तर तेवढ्या खुणेवर निदान पक्के धरले जाते.

शस्त्रक्रिया कोणाला करता येते?

स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे निदान होते तेव्हा साधारण १५ ते २० टक्के रुग्णांचीच गाठ काढण्याजोगी असते. डॉक्टर रुग्णांचे ढोबळ गट करतात. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांपासून दूर असेल तर थेट शस्त्रक्रिया. ती वाहिनीला थोडी चिकटली असेल तर आधी काही महिने केमोथेरपी, मग पुन्हा स्कॅन आणि निर्णय. वाहिनीला पूर्ण वेढा पडला असेल किंवा आजार यकृत, फुप्फुसात पोहोचला असेल, तर शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नाही. तिथे केमोथेरपी, वेदनाशमन आणि काविळीसाठी स्टेंट यांचा उपयोग होतो. ‘पोट उघडून बघू तरी’ असा आग्रह अशा वेळी रुग्णाचे नुकसान करतो.

वय हा एकटा निकष नाही. रुग्ण जिना चढू शकतो का, हृदय-फुप्फुसांची स्थिती कशी आहे, पोषण किती खालावले आहे, हे जास्त महत्त्वाचे ठरते.

व्हिपल शस्त्रक्रिया म्हणजे काय?

स्वादुपिंडाच्या डोक्यातील गाठीसाठी होणारी ही पोटातील सर्वांत अवघड शस्त्रक्रियांपैकी एक आहे. जर्मनीतील वाल्टर काउश यांनी १९०९ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली होती. न्यूयॉर्कचे सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये तिचे तंत्र मांडले आणि त्यांचे नाव तिला कायमचे चिकटले. यात स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि काही वेळा जठराचा तुकडा काढतात. हे सगळे एकत्र काढावे लागते, कारण त्यांचा रक्तपुरवठा आणि लसिकाग्रंथी सामाईक असतात.

काढणे हा निम्मा भाग. नंतर आतडे वर ओढून तीन जोड द्यावे लागतात : स्वादुपिंडाचा, पित्तनलिकेचा आणि जठराचा. पाच ते आठ तास त्यात जातात. सर्वांत नाजूक जोड स्वादुपिंडाचा. तिथून पाचक रस झिरपला तर तो आजूबाजूच्या ऊतींनाच इजा करतो, रक्तस्राव होऊ शकतो. शस्त्रक्रिया संपल्यावरही पोटातील नळ्यांतून काय बाहेर येते यावर डॉक्टर रोज नजर ठेवतात, ते यासाठीच.

गाठ शेपटीत असेल तर तो भाग बहुधा प्लीहेसह काढतात. प्लीहा काढल्यावर काही जंतूंचा धोका वाढतो, त्यामुळे न्यूमोकोकल, मेनिंजोकोकल यांसारख्या लसी द्याव्या लागतात आणि त्या शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वी घ्यायच्या असतात.

रुग्णालयाच्या अनुभवाने किती फरक पडतो?

खूप. अमेरिकेतील रुग्णालयांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया अगदी कमी होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के, तर सर्वाधिक होणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के होते. हा फरक केवळ सर्जनच्या हातातला नसतो. रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर तो ओळखणारी परिचारिका, अतिदक्षता विभाग, रक्तपेढी आणि सुईच्या वाटेने वाहिनी बंद करू शकणारा रेडिओलॉजिस्ट, ही साखळी त्यात येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. शैलेश श्रीखंडे यांच्या पथकाने एकाच केंद्रातील १,२०० व्हिपल शस्त्रक्रियांचा अभ्यास मांडला आहे. त्याचाही रोख अशा अनुभवी केंद्रांच्या गरजेवर आहे.

त्यामुळे ‘तुमच्याकडे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात?’ हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी तो विचारायलाच हवा.

यकृताचा कॅन्सर वेगळा कसा?

यकृतात सापडलेली गाठ यकृताचीच असते असे नाही. मोठे आतडे, स्तन, फुप्फुस अशा ठिकाणचा कॅन्सर यकृतात पसरण्याचे प्रमाण बरेच जास्त आहे. मोठ्या आतड्यातून आलेल्या निवडक गाठी शस्त्रक्रियेने काढता येतात आणि काही रुग्ण त्यातून पूर्ण बरेही होतात. त्यामुळे ‘लिव्हरला गेलंय, आता काही नाही’ असे सरसकट म्हणणे चूक आहे.

यकृताचा स्वतःचा कॅन्सर बहुधा आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी आणि सी, दारू आणि लठ्ठपणा-मधुमेहासोबत येणारे फॅटी लिव्हर ही मुख्य कारणे. अनेक वर्षांच्या सूजेतून यकृत कडक होते, म्हणजे सिरॉसिस होतो, आणि त्यात गाठ उगवते. म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्ततपासणी करावी, असा सल्ला दिला जातो.

निरोगी यकृत पुन्हा वाढते. त्याचा सुमारे ७० टक्के भाग काढला तरी माणूस जगू शकतो. सिरॉसिसमध्ये ही क्षमता घटते आणि किमान ४० टक्के तरी मागे राहावे लागते. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लॉद कुइनो यांनी यकृताचे आठ भाग आखून दिले. प्रत्येकाचा रक्तपुरवठा स्वतंत्र असल्याने हव्या त्या भागापुरती शस्त्रक्रिया करता येते. मागे उरणारा भाग लहान पडणार असेल, तर गाठीच्या बाजूची मोठी शीर आधी बंद करतात. काही आठवड्यांत दुसरी बाजू वाढते, मग शस्त्रक्रिया होते.

तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी सुईतून उष्णता देऊनही जाळता येतात. मोठ्या किंवा अनेक गाठींसाठी रोहिणीतून थेट गाठीत औषध सोडण्याचा पर्याय आहे. सिरॉसिस आणि कॅन्सर दोन्ही असतील तर यकृत प्रत्यारोपण. त्यासाठी १९९६ पासून मिलान निकष वापरात आहेत : पाच सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ किंवा तीन सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी.

पर्रीकर, जॉब्स यांच्या आजारातून काय कळते?

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे स्वादुपिंडाच्या कॅन्सरने १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी निधन झाले. आजारपण उघड झाल्यापासून जेमतेम १३ महिने झाले होते. नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत मांडलेला अर्थसंकल्प अनेकांना आठवत असेल. मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली येथील उपचार त्यांना उपलब्ध होते. साधने असूनही हा आजार किती वेगाने पुढे जातो, हे त्यातून दिसले.

ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांचेही उदाहरण दिले जाते. त्यांचे निदान २००३ मध्ये झाले आणि ते २०११ पर्यंत जगले. पण त्यांची गाठ न्यूरोएंडोक्राइन प्रकारची होती. ती स्वादुपिंडातच होते, मात्र सावकाश वाढते आणि तिचे उपचार वेगळे असतात. त्यांनी शस्त्रक्रिया सुमारे नऊ महिने लांबवली होती. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्या रुग्णाचे भाकीत करू नये, एवढाच याचा अर्थ.

नेहमीच्या प्रकारात शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीने चित्र सुधारले आहे. २०१८ मधील एका चाचणीत चार औषधांची एकत्रित केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ५४ महिन्यांपर्यंत गेले. जुन्या औषधावर ते ३५ महिने होते. ही केमोथेरपी सोसणाऱ्या, निवडक रुग्णांची आकडेवारी आहे, हे ध्यानात ठेवावे.

सोलापूरच्या रुग्णाने काय करावे?

रक्ततपासणी, सोनोग्राफी, सीटी स्कॅन या पायऱ्या शहरातच पूर्ण होऊ शकतात. पुण्याला किंवा मुंबईला जायचेच असेल, तर हातात केवळ छापील अहवाल नको. स्कॅनची सीडी, आधीचे सर्व कागद आणि चालू औषधांची यादी असावी. हुतात्मा किंवा वंदे भारतने पहाटे निघालेला रुग्ण सीडी घरी विसरला, की तपासणी पुन्हा आणि खर्चही पुन्हा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणत्या रुग्णालयात कोणती शस्त्रक्रिया योजनेतून होते, हे दाखल होण्यापूर्वीच तिथल्या आरोग्यमित्राकडे विचारावे. रेशनकार्ड, आधार आणि नावांतील स्पेलिंग जुळते का, हे आधी पाहून ठेवलेले बरे.

शस्त्रक्रियेनंतरची तयारीही घरच्यांनी समजून घ्यावी. थोडे-थोडे, पण दिवसातून पाच-सहा वेळा खाणे, जेवणासोबत पाचक रसाच्या कॅप्सूल, साखरेवर लक्ष. शौच तेलकट आणि तरंगणारे होत असेल तर कॅप्सूलचा डोस कमी पडतो आहे, हे डॉक्टरांना सांगावे.

बार्शीने काय शिकवले?

ग्रामीण भागातील देशातली पहिली कॅन्सर नोंदणी याच जिल्ह्यात, बार्शीत, १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या मदतीने सुरू झाली. बार्शीसह शेजारच्या परांडा आणि भूम तालुक्यांतील गावांत कार्यकर्ते फिरले. त्यांनी लोकांना लक्षणे समजावली, संशयित रुग्णांना रुग्णालयात आणले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे निदान आधीच्या टप्प्यात होऊ लागल्याचे नोंदींतून दिसले. केवळ माहिती पोहोचल्याने हा फरक पडला होता.

गर्भाशयमुखासाठी निरोगी महिलांची चाचणी करता येते. स्वादुपिंडासाठी सर्वसामान्यांना करता येईल अशी कोणतीही चाचणी आज नाही. त्यामुळे लक्षण ओळखणारे घर आणि वेळेत सीटीला पाठवणारा गावातला डॉक्टर यांच्यावरच सगळी भिस्त आहे. टाळता येण्यासारखे मात्र बरेच आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका जवळपास दुप्पट असतो. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत हिपॅटायटिस बीची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. यकृताचा एक कॅन्सर टाळणारी ती लस आहे.

हे लक्षात ठेवा

• चाळिशीनंतर झालेली, न दुखणारी, वाढत जाणारी कावीळ : त्याच आठवड्यात रक्ततपासणी आणि सोनोग्राफी.
• पित्तनलिका फुगलेली, पण खडा नाही : औषध देऊन सीटी स्कॅन, तोही स्टेंटच्या आधी.
• थंडी वाजून ताप आला : थांबू नका, तातडीने रुग्णालय गाठा.
• शस्त्रक्रियेचा निर्णय : वर्षभरात किती केल्या, हे विचारून.
• सिरॉसिस किंवा हिपॅटायटिस बी : डॉक्टरांच्या सल्ल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.